कवितेच्या तासाला हलगी
(गावच्या पालकसभेत केलेले भाषण)

शेतकरी व कारागीर बंधु-भगिनींनो,

पालकसभेत मास्तर उभा राहिला की तो हजेरीचे नाही तर वह्या-पुस्तकांचे बोलणार, असे आपण धरून चालता. आज आम्ही जाब देण्यास उभे आहोत. चौथीच्या वर्गात मराठीच्या तासाला जाते फिरले, हलगी वाजली, यावरून गावात कुरकुर आहे. “पोरे शिकायला धाडली, गायला-वाजवायला नव्हे,” असे कित्येकांचे म्हणणे. पोटाला चिमटा घेऊन जो पोरास शाळेत घालतो, त्यास मास्तराकडे हिशेब मागण्याचा पूर्ण हक्क आहे. तो हिशेब ऐकावा.

जात्यावरच्या गाण्यांचा विषय निघाला तेव्हा आम्ही विचारले, “जाते म्हणजे काय?” वर्ग एका सुरात म्हणाला, “धान्य दळण्याचे साधन.” उत्तर बरोबर, मार्क पुरे. पण “त्यावर बसून गाणे का म्हणत?” असे विचारताच सारा वर्ग मुका. ज्यांच्या घरी जात्याची तळी न्हाणीपाशी पायरीला बसविली आहे, त्यांचीच ही पोरे! दळण गिरणीत जाऊ लागले हे उत्तम झाले; आयाबायांचे खांदे सुटले. परंतु जात्याबरोबर गाणेही उंबऱ्याबाहेर गेले, आणि पोरांच्या पदरी नुसती व्याख्या राहिली.

म्हणून एका आजीबाईंस वर्गात बोलाविले. जाते मांडले, मूठभर ज्वारी घातली. दोघी मुलींनी समोरासमोर बसून खुंटा धरला, आणि थोड्याच फेऱ्यांत त्यांस धाप लागली. मग आजीबाईंनी ओवी म्हटली. ओळ कोठे लांबते, कोठे थांबते आणि का थांबते, हे आम्हांस समजावून द्यावे लागले नाही. मुलींच्या श्वासानेच ते सांगितले. त्यानंतर तोच पाठ आम्ही पुन्हा वाचला. पुस्तक तेच होते, वाचणारी पोरे निराळी झाली होती. वर्षभर तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने दुसऱ्या दिवशी बापाच्या कांद्याच्या पट्टीवर चार ओळी रचून आणल्या. ही विद्या नव्हे, असे कोण म्हणेल?

खानदेशच्या शेतकरी घरातील बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. शेतात राबता राबता, घरचे काम करता करता त्या गाणी रचीत. सोपानदेव आणि घरच्या माणसांनी ती कागदावर उतरून ठेवली म्हणून वाचली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या, पुस्तक १९५२ साली निघाले, आणि आज शाळांतून त्यांच्या कविता शिकविल्या जातात. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. मग जी कागदावर आली नाहीत, अशी गाणी किती मातीत गेली असतील!

जोतीराव फुले यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले, १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा रचला. ज्यांस शेतकऱ्यास शहाणे करावयाचे होते, त्यांनी नाटक आणि पवाडा हाती घेतला, हे ध्यानात धरा. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी सांगितले की, खेड्यातील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला असावा. नांगराची रुमणी किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्यास लाज वाटू नये. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कलेची जोड देऊन शिकविण्यास सांगितले आहे.

आता हलगीची गोष्ट. येथे चूक आमची झाली, ती चारचौघांत कबूल करतो. पवाड्याचा पाठ होता. हलगीवाल्याच्या मुलास आम्ही म्हटले, “तू वाजव.” त्याने वाजविली, बाकीच्यांनी टाळ्या दिल्या. त्या रात्री त्याचा बाप आमच्या दारी आला. म्हणाला, “गुरुजी, माझ्या बापानं ही हलगी दुसऱ्याच्या दारात वाजवली, तवा भाकर मिळाली. पोराच्या हातची सुटावी म्हणून त्याला शाळेत घातला. तुमी पुन्हा तीच त्याच्या हातात दिली?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. परंतु ‘हे काम त्याचे’ ही खूणगाठ आमच्याही मनातून सुटली नव्हती. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या गृहस्थास गुरू म्हणून वर्गात बोलाविले. आमची खुर्ची त्यांस दिली. कातडे विस्तवावर शेकून हलगी का ताणतात, तापल्यावर आवाज कसा बदलतो, हे त्यांनी दाखविले. मग वर्गातल्या प्रत्येक मुलाने व मुलीने आळीपाळीने हलगी हाती घेतली. पाटलाच्या नातवानेही घेतली. आणि त्यांचा मुलगा? तो मध्यभागी उभा राहून पवाडा खणखणीत वाचीत होता. बाप त्याच्याकडे पाहत राहिला. जाताना एवढेच म्हणाला, “आता हरकत न्हाई.”

बंधूंनो, कला एकाच जातीच्या माथी मारली की ती वेठ होते. सर्वांच्या हाती दिली की तीच विद्या होते. हा धडा आम्हांस अध्यापक विद्यालयात मिळाला नव्हता. एका बापाने दिला.

म्हणून यापुढे नेम असा : पाठ आधी वाचावयाचा, मग वस्तू अगर कला डोळ्यांनी पाहावयाची, पुन्हा वाचावयाचे आणि शेवटी स्वतः लिहावयाचे. कुंभाराचे चाक सुताराच्या पोराने फिरवावे, रंधा माळ्याच्या पोरीने धरावा. पुस्तक बाजूस पडणार नाही, परीक्षेस धोका नाही, आणि आपणांस एक पैचा खर्च नाही.

आपणांकडे मागणे दोनच. ज्यास जी कला येते त्याने वर्षातून एक तास शाळेस द्यावा. आणि रात्री पोर वही घेऊन आजीपाशी बसले, तर “आमचं कसलं गाणं” असे म्हणून त्यास उठवू नये. त्या आजीचे गाणे पोराच्या अक्षरात उतरू द्यावे. आजी आज आहे; उद्याचे कोणी सांगावे?

इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.