उन्हात वाळत घातलेलं पाणी



तुमच्या शाळेत येताना गावच्या झुलत्या पुलावर थांबलो. खाली पाण्यातले दगड दिसत होते. मी बराच वेळ बघत राहिलो, कारण माझी निम्मी नोकरी इचलकरंजीत गेली. तिथे कापड रंगवून उरलेलं पाणी ओढ्या-नाल्यांतून पंचगंगेला मिळताना मी पाहिलं आहे. कपड्याचा रंग उन्हात, साबणात विटू नये म्हणून चिवट बनवतात. मग तो पाण्यातल्या जिवाणूंना तरी कसा पचावा?

त्यावरचा एक उपाय तुमच्या दारावरच आहे. जुन्या पांढऱ्या ऑइलपेंटवरून हात फिरवला की बोटांना पीठ लागतं ना? त्या रंगाचा पांढरेपणा टिटॅनियम डायऑक्साइडचा असतो.  उन्हातले अतिनील किरण त्यावर पडले की त्यातले इलेक्ट्रॉन जागचे हलतात. मग पाणी आणि ऑक्सिजनपासून फार आक्रमक कण तयार होतात आणि रंगाला धरून ठेवणारं तेल कुरतडतात. 1972 साली फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी याच पदार्थावर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन करून दाखवलं, आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. जे तेलाला कुरतडतं, ते सांडपाण्यातल्या रंगालाही कुरतडतं.

पण टिटॅनियम डायऑक्साइडची भुकटी मैद्याहून बारीक. पाण्यात टाकली तर परत काढायची कशी? गाळायलाच खर्च फार. म्हणून ती कापडावर बसवायची. कापड पाण्यात सोडा, उचला, धुवा, पुन्हा सोडा. इथे खरी मेख आहे. ही भुकटी रंगाला खाते तशी सुताच्या धाग्यालाही खाते. म्हणून मध्ये सिलिकाचा पातळ थर देतात, किंवा काचेच्या धाग्यांचं कापड घेतात. लेप धुण्यात सुटला तर सगळी मेहनत वाया. शिवाय उन्हात अतिनील भाग शंभरात जेमतेम चार-पाच, आणि गडद पाण्यात तोही आत पोचत नाही. म्हणून आधी गाळ बसवायचा, आणि हे कापड शेवटच्या टप्प्याला.

तुमच्या प्रयोगशाळेसाठी अशा कापडाचे दोन तुकडे आणि एक साधा तुकडा आणला आहे. तीन पसरट थाळ्यांत मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाचं फिकट पाणी घ्या. लेपाचं एक कापड उन्हात ठेवा, दुसरं अंधारात, आणि साधं उन्हात. अंधारातली थाळी विसरू नका. नुसतं कापडही थोडा रंग शोषतं, आणि आपण फसतो. दर तासाला तिन्ही थाळ्यांतलं पाणी पाहा, वहीत लिहा, आणि ती वही मला पाठवा. मी वाट पाहतो.