ध्रुवीय अस्वलाचे वजन आणि आपला हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या शिबिरासाठी भित्तिपत्रके तयार होत असताना एका तरुण साथीने माझ्यापुढे एक चित्र ठेवले. हाडांचा सापळा झालेले एक ध्रुवीय अस्वल, आणि खाली ओळ : 'समुद्रातले बर्फ वितळते आहे, समुद्राची पातळी वाढते आहे.' मी म्हटले, हे पत्रक तूर्त थांबवा. त्यावर थोडा वाद झाला आणि शिक्षा म्हणून हे भाषण माझ्या माथी आले.

त्या पत्रकात दोन चुका होत्या. पहिली ओळीतली. समुद्रावर तरंगणारे बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही. काठोकाठ भरलेल्या पेल्यातला बर्फाचा खडा विरघळला म्हणून पाणी सांडत नाही. पातळी वाढते ती ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील, तसेच पर्वतांवरचे, जमिनीवरचे बर्फ वितळल्यामुळे आणि तापलेले पाणी प्रसरण पावल्यामुळे.

दुसरी चूक चित्रातली. 2017 साली कॅनडाच्या उत्तरेकडील अशाच एका मरणासन्न अस्वलाची चित्रफीत 'नॅशनल जिऑग्राफिक'ने जगभर दाखविली आणि हवामानबदलाचे रूप ते हेच, असे सांगितले. पुढच्याच वर्षी त्या मासिकाला आपण मर्यादा ओलांडल्याची कबुली द्यावी लागली. एखादे अस्वल वार्धक्याने, रोगाने किंवा जखमेनेही कृश होते. एका प्राण्याच्या बरगड्या हा पुरावा नव्हे. आपण अशी चूक केली की तेलकंपन्यांच्या वकिलांचे काम आपणच सोपे करून देतो.

मग पुरावा कोणता? कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावर चर्चिल नावाचे गाव आहे. तेथील अस्वलांची वजने आणि गणना यांची नोंद शास्त्रज्ञ कित्येक दशके ठेवीत आले आहेत. हे अस्वल सीलच्या चरबीवर जगते. सील श्वासासाठी बर्फातल्या भोकाशी वर येते, तेव्हा ते त्याच्या हाती लागते. उघड्या पाण्यात ते सीलला गाठू शकत नाही. म्हणजे बर्फ हेच त्याचे शेत. वसंतऋतूत सीलची गुबगुबीत पिल्ले मिळतात, तो सुगीचा काळ. उन्हाळ्यात उपसागरातले बर्फ संपूर्ण वितळते आणि अस्वले किनाऱ्यावर येऊन नोव्हेंबरच्या आसपास पाणी पुन्हा गोठेपर्यंत अंगच्या चरबीवर दिवस काढतात. गर्भवती मादीचा उपवास तर आठ महिन्यांपर्यंत लांबतो. सुगीवर वर्षाची बेगमी करणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे गणित निराळे समजावून सांगावे लागणार नाही.

आता 1980च्या सुमाराच्या तुलनेत येथील अस्वलांना तीन ते चार आठवडे अधिक काळ किनाऱ्यावर काढावा लागतो. सुगी आखडली आणि उपवास लांबला, असा हा दुहेरी मार आहे. किनाऱ्यावर दुसरे काही खाऊन ते जगेल, असे काहीजण सांगत. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वीस अस्वलांच्या गळ्यात कॅमेरे बांधून याचा शोध घेतला गेला. त्यांनी बोरांसारखी रानफळे, गवत, पक्ष्यांची मढी असे मिळेल ते खाल्ले. तरीही वीसपैकी एकोणीस अस्वलांचे वजन घटले, सरासरीने दिवसाला सुमारे एक किलो. उपवासाचे तीनचार आठवडे वाढले याचा अर्थ काय, तो हिशेब आपणच करावा.

झळ पहिल्यांदा पोहोचते ती आईला आणि पिल्लाला. 2025 साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार 37 वर्षांत येथील प्रौढ माद्यांचे सरासरी वजन 39 किलोंनी आणि वर्षाच्या पिल्लांचे 21 किलोंनी घटले आहे. आई खंगली की दूध आटते. दूध आटले की पिल्लू पुढचा हिवाळा पाहत नाही. अस्वलांची संख्या 1980च्या दशकात सुमारे 1,200 होती. 2016च्या हवाई पाहणीत ती 842 भरली, 2021च्या पाहणीत 618. हे अंदाज आहेत आणि त्यांत चुकीला वाव आहे. पण उताराची दिशा स्पष्ट आहे.

प्रश्न केवळ भुकेचा नाही. पीसीबीसारखी कारखान्यांतली विषे वारा आणि प्रवाह यांच्याबरोबर उत्तरेला पोहोचून प्राण्यांच्या चरबीत साठतात. उपवासात चरबी झिजू लागली की तीच विषे रक्तात उतरतात आणि दुधावाटे पिल्लाच्या पोटात जातात. अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या चुकची समुद्रातील अस्वलांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा सहा रोगजंतूंपैकी पाचांचा संसर्ग तीन दशकांपूर्वीच्या मानाने वाढलेला आढळला.

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांभोवतीचे बर्फ फार वेगाने घटले, तरी तेथील अस्वले अद्याप तशी खंगलेली नाहीत. तेथे रेनडियर आणि वॉलरस हेही अन्न मिळते. शिवाय 1973 साली शिकारीला बंदी झाल्यापासून पूर्वीचा संहार थांबला. हे सत्य आपण दडवू नये. ते सांगूनही आपला मुद्दा उभा राहतो. कारण सर्व अस्वलांची सध्याची संख्या सुमारे 26,000 असली, तरी ज्या बर्फावर त्यांची बहुतेक वस्ती अवलंबून आहे, ते ओसरतच आहे.

त्या 1973 सालाला आणखी एक महत्त्व आहे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑस्लो येथे अमेरिका, सोव्हिएत युनियन, कॅनडा, डेन्मार्क आणि नॉर्वे यांनी या प्राण्याच्या रक्षणाचा करार केला. शीतयुद्ध चालू असतानाही दोन महासत्तांनी त्यावर सह्या केल्या. स्थानिक रहिवाशांचे परंपरागत शिकारीचे हक्कही त्याने मान्य केले. त्या कराराने बंदुकीला आवर घातला. धुराला आवर घालणारा तेवढाच परिणामकारक करार मात्र अद्याप व्हायचा आहे. उलट जे बर्फ अस्वलाचे शेत आहे, ते हटले की कंपन्यांना नवे जलमार्ग आणि नवे तेल दिसू लागते. जगातील न सापडलेल्या तेलापैकी सुमारे 13 टक्के आर्क्टिकमध्ये असावे, असा अंदाज अमेरिकी भूगर्भखात्याने 2008 साली केला. तेल जाळून बर्फ वितळवायचे आणि बर्फ वितळले म्हणून आणखी तेल काढायचे, असे हे भांडवलशाहीचे चक्र आहे.

या चक्रात माणूसही भरडला जातो. इन्युइट लोकांसाठी समुद्राचे बर्फ हा रस्ता आहे आणि अन्नाचा साठाही. 2005 साली शीला वॉट-क्लूटिए यांनी साठाहून अधिक इन्युइटांसह अमेरिकेविरुद्ध आंतरअमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे तक्रार नेली. आयोगाने ती चालवण्यास नकार दिला. पण ज्याने धूर केला नाही त्यानेच किंमत का मोजावी, हा त्यांचा प्रश्न अनुत्तरित आहे. तोच प्रश्न आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा आणि कोकण किनाऱ्यावरच्या मच्छीमाराचा आहे. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भारतात सुमारे 2 टन. मात्र या सरासरीच्या आडोशाला आपल्याकडचे धनिक आणि त्यांचे कारखाने लपतात, हेही विसरून चालणार नाही.

दूरच्या अस्वलाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. गोव्यातील वास्को येथून ज्या संस्थेचे काम चालते, ती संस्था 2008पासून स्वालबार्डमधील 'हिमाद्रि' हे भारतीय केंद्र चालवते. उत्तरेतली हवा आणि आपला मान्सून यांचे नाते तपासणे हे तेथील एक काम आहे. तेव्हा हा संबंध सरकारनेही ओळखला आहे. आपल्या राजकारणाने तो अजून ओळखलेला नाही.

भित्तिपत्रक अवश्य लावा, साथींनो. पण सापळ्याचे चित्र काढून टाका आणि त्या जागी तीन आकडे लिहा : 1,200, 842, 618. खाली एवढेच विचारा : हा धूर कोणाचा, आणि उपवास कोणाला? कोणी उलट प्रश्न विचारला तर उत्तर देता येईल, इतका अभ्यास करूनच ते पत्रक हातात घ्या.