राखीव पाणी, राखीव वीज

(दूरसंचार क्षेत्रातील एका निवृत्त अभियंत्याने कोकणातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



३ जून २०२० हा दिवस या सभागृहात कोणाला सांगावा लागणार नाही. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडपासून मंडणगड, दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. विजेचे खांब हजारोंनी पडले. कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे दिवा लागला नाही. आपल्यापैकी अनेक जण त्या दिवसांत हाती कोयता घेऊन रस्ते मोकळे करीत होते. तिकडे मुंबईतले चाकरमानी गावाकडचा क्रमांक पुनःपुन्हा लावीत होते आणि आई-वडील सुखरूप आहेत की नाहीत, एवढेही त्यांना कळत नव्हते. वास्तविक डोंगरावरचे बरेच मनोरे जागच्या जागी उभे होते. त्यांच्या पायथ्याशी वीज उरली नव्हती.

या विजेविषयी आज बोलायचे आहे. विषय रुक्ष आहे, पण संकटकाळी समाजाला हाक मारता येणे त्यावर अवलंबून आहे.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांच्या पाण्याविषयी एक फार शहाणपणाची सूचना आहे. गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. तोफांच्या दणक्याने झरे आटतात आणि लढाईत पाण्याचा खर्च वाढतो. म्हणून दोन-चार टाकी निराळी बांधावीत आणि त्यांतले पाणी एरवी खर्चू देऊ नये, असा तिचा आशय आहे. टॉवरखालची बॅटरी म्हणजे असे राखीव टाके. आपल्या ग्रामीण भागात हे टाके रोज उपसले जाते, ही खरी अडचण आहे.

प्रथम तिथली रचना समजून घेऊ. बाहेरून येणारी प्रत्यावर्ती वीज रेक्टिफायर ४८ व्होल्टच्या एकदिश विजेत पालटतो. हा आकडा जुन्या टेलिफोन एक्स्चेंजकडून वारशाने आला. यात धन अग्र जमिनीला जोडलेले असते, कारण तसे केल्याने ओल्या मातीतल्या तांब्याच्या तारा कमी गंजतात. शंभर वर्षांहून जुनी ही युक्ती आजच्या उपकरणांतही टिकून आहे, याचे मला नेहमी कौतुक वाटते. त्याच तारांवर दोन-दोन व्होल्टचे २४ घट ओळीने जोडलेले असतात. वीज असताना त्यांच्यावर सुमारे ५४ व्होल्टचा दाब ठेवतात. वीज गेली की क्षणाचाही खंड न पडता भार बॅटरीवर येतो.

आता हिशेब पाहा. समजा, उपकरणांना १,४४० वॉट लागतात, म्हणजे ३० अँपिअर. बॅटरी ६०० अँपिअर-तासांची. कागदावर वीस तास झाले. पण शिसे-आम्ल बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते. ऐंशी टक्के धरले तर सोळा तास. ती जुनी होऊन तिची धारणशक्ती ऐंशी टक्क्यांवर आली, की पावणेतेरा तास. एवढी घट झालेली बॅटरी बदलावी, असा सर्वमान्य दंडक आहे. प्रत्यक्षात ती त्यानंतरही वर्षानुवर्षे तिथेच असते.

टाके भरायलाही वेळ लागतो. उपसलेले ४८० अँपिअर-तास ६० अँपिअरने परत भरायचे तर आठ तास हवेत, आणि शेवटचा टप्पा फार सावकाश भरतो, म्हणजे त्याहूनही अधिक. ज्या गावात वीज तुटक-तुटक येते, तिथे बॅटरी पूर्ण भरतच नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि तिची शक्ती कायमची जाते. त्यात उष्णतेची भर. तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते. विदर्भातल्या उन्हात पत्र्याच्या कपाटात ठेवलेल्या बॅटरीची काय गत होत असेल, त्याची कल्पना करा.

सेवेत असताना सह्याद्रीतल्या एका टॉवरवर गेलो होतो. कंपनीचे नाव घेत नाही. नोंदवहीत तीन महिने रोज ५४ व्होल्ट लिहिलेले, एकाच शाईने, एकाच हाताने. मी मुख्य वीज बंद करायला लावली. चाळीस मिनिटांत टॉवर मुका झाला. चोवीसपैकी दोन घट मेलेले होते, आणि ओळीतला एक घट गेला की सारी ओळ लंगडी होते. वीज चालू असताना मात्र एकूण आकडा निर्दोषच दिसतो. नोंद करणाऱ्या मुलाला मी दोष दिला नाही. प्रत्येक घट निराळा मोजायचा असतो, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते.

आणखी एक गोष्ट नकाशावर दिसत नाही. डोंगरी भागात एक मनोरा सूक्ष्मलहरींनी दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी जोडलेला असतो. घाटमाथ्यावरचा मधला मनोरा पडला की पलीकडच्या पाच-सहा गावांचे मनोरे स्वतःची बॅटरी शाबूत असूनही निरुपयोगी होतात. म्हणून अशा मधल्या ठिकाणी बॅटरी उतरू लागली की आधी तिथल्या मोबाईल सेवेचा भार तोडावा आणि पुढे जोडणाऱ्या उपकरणांना शेवटपर्यंत वीज द्यावी. ही सोय यंत्रणेत असते. ती त्या-त्या जागेचा विचार करून बसवली आहे का, एवढाच प्रश्न आहे.

डिझेल जनित्राचा उपाय आपण सर्वांनी पाहिला आहे. पावसात रस्ता खचला की पिंप वर चढत नाही, आणि चढले तरी त्यातले किती जनित्रात पोहोचते ते विचारू नये! दूरसंचार विभागाने २०१२ मध्ये ग्रामीण टॉवरांपैकी निम्मे २०१५ पर्यंत सौर वा तत्सम संमिश्र विजेवर आणण्याचे लक्ष्य ठेवले होते. दिशा योग्यच होती. मात्र कोकणात आषाढात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, आणि आपली संकटे बहुधा त्याच काळात येतात. सौरफलक आले म्हणून राखीव टाके लहान करणे हा आत्मघात ठरेल.

लिथियम आयर्न फॉस्फेटचे घट पुष्कळ प्रश्न सोडवतात. ते हजारो वेळा उपसता येतात, लवकर भरतात, वजनाला हलके असतात. शिशाच्या भंगारासाठी होणारी चोरीही टळते. एक मर्यादा आहे. शून्य अंशाखाली ते भरू नयेत, आत धातुरूप लिथियम साचून घट बिघडतो. लडाखच्या सीमेवरच्या चौकीसाठी त्यांना ऊब देण्याची व्यवस्था करावी लागते. दुसरी मर्यादा आपल्याला अधिक बोचणारी आहे. हे घट मुख्यतः चीनमधून येतात. ज्या सीमेवर आपला जवान चीनसमोर उभा आहे, तिथला संपर्क चिनी घटांवर चालावा, ही स्थिती स्वाभिमानी राष्ट्राला शोभत नाही. केंद्र सरकारने मे २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची घटनिर्मिती प्रोत्साहन योजना मंजूर केली. तिची प्रगती ठरल्या वेळापत्रकाच्या मागे आहे, हे आपल्याच सरकारला आपणच सांगितले पाहिजे. २०२५ मध्ये बीएसएनएलने स्वदेशी ४-जी जाळे उभे केले, त्याचा आनंद मी निवृत्तीनंतरही घरात पेढे वाटून साजरा केला. पण उपकरण स्वदेशी आणि त्याचा प्राण परदेशी, हे फार काळ चालू नये.

कार्यकर्त्यांकडून माझी अपेक्षा मोठी नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण असते. तिथे लेखी अर्ज करा. तालुक्यातला कोणता मनोरा पुढच्या गावांना जोडतो, त्याच्या बॅटरीची भार टाकून शेवटची चाचणी कधी झाली आणि ती किती तास टिकली, एवढे विचारा. उत्तर मे महिन्याच्या आत मागा. आपल्या गावातली आयटीआय झालेली मुले असतील, तर त्यांना मल्टिमीटर घेऊन चोवीस घट एकेक करून कसे मोजायचे, हे मी येथे येऊन शिकवीन. दोन दिवस पुरतील. गुडघे कुरकुरतात, तेव्हा डोंगर चढायला मात्र सकाळची वेळ ठेवा.