बोअरचं पाणी आणि पृथ्वीचा आस

लातूरकर 2016 चा एप्रिल विसरलेले नाहीत. बोअर कोरडे पडले होते आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. जमिनीतून उपसलेलं पाणी जातं तरी कुठे? पिकांतून, नाल्यांतून, वाफ होऊन बरंचसं अखेर समुद्रात. म्हणजे वजनाने जागा बदलली. कुंभाराच्या चाकावरचा गोळा एका अंगाला सरकला की चाक डगमगतं, तसाच पृथ्वीचा आसही हलतो.

दक्षिण कोरियाचे की-वॉन सेओ आणि सहकाऱ्यांनी 2023 मध्ये हिशेब मांडला. 1993 ते 2010 दरम्यान जगात सुमारे 2,150 अब्ज टन भूजल घटलं. तेवढ्याने ध्रुव जवळपास 80 सेंटिमीटर पूर्वेकडे सरकला. मोठा वाटा वायव्य भारत आणि पश्चिम उत्तर अमेरिकेचा. मराठवाड्याचा, किंवा नांदेडच्या विष्णुपुरीत अडवलेल्या गोदावरीच्या पाण्याचा, अगदीच नगण्य.

आणि भूकंप? त्यातही वजनाची जागा बदलते, म्हणून पृथ्वीच्या फिरण्यावर परिणाम होतो. 2004 च्या सुमात्रा भूकंपाने दिवस लहान झाला, पण सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी जेमतेम तीन भागांनी, असं नासाचं गणित सांगतं. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसं गेली. पृथ्वीच्या गतीत मात्र मोजण्याजोगा फरक पडला नाही.