संशोधनपत्रिका आणि ग्रंथालय

विद्यापीठात नवी संशोधनपत्रिका निघते, तेव्हा पहिल्या अंकाचे कौतुक सर्वांनाच असते. तिसऱ्या वर्षी अंक कोण काढणार आणि तिसाव्या वर्षी तो कोठे सापडणार, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. श्रोतेहो, आज त्यांचाच विचार करू.

हेन्री ओल्डनबर्ग यांनी १६६५ साली लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले, ते नव्या शोधांची वार्ता दूरवर पोचावी म्हणून. पुढे पुष्कळ पत्रिका व्यापारी प्रकाशकांच्या हाती गेल्या आणि व्यवहार विचित्र झाला. संशोधनाचा खर्च बहुधा विद्यापीठ सोसते; प्राध्यापक लेख विनामूल्य देतो, दुसरा तो विनामूल्य तपासतो आणि तोच लेख ग्रंथालय भारी वर्गणी भरून विकत घेते. भारत सरकारने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता सुमारे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. सरकारी शिक्षणसंस्थांची त्याने मोठी सोय झाली. परंतु कोणत्याही संस्थेत नसलेला अभ्यासक किंवा निवृत्त शिक्षक दाराबाहेरच राहिला.

संशोधन सर्वांना विनामूल्य वाचता यावे, असा जाहीरनामा २००२ मध्ये बुडापेस्ट येथील बैठकीतून निघाला. मुक्तद्वार पत्रिकेची कल्पना त्यामुळे दृढ झाली. मात्र काही प्रकाशकांनी वाचकाचे ओझे उचलून लेखकाच्या माथी ठेवले. एका लेखासाठी हजारो डॉलर मागणाऱ्या पत्रिका आज आहेत. वाचकासाठी दार उघडले आणि गरीब लेखकासाठी मिटले, तर काय साधले?

दोघांनाही मोकळा असा मार्ग ग्रंथालयातून जातो. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच नियमांत पहिला हाच, की ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत. हा नियम मानणाऱ्या ग्रंथालयाने केवळ खरेदीदार का राहावे? स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या ग्रंथालयातून २००३ मध्ये मुक्तद्वार पत्रिकांची सूची सुरू झाली. कॅनडातील प्राध्यापक जॉन विलिन्स्की यांच्या प्रकल्पातून ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ ही संगणकप्रणाली तयार झाली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते आणि जगभरच्या हजारो पत्रिका तिच्यावर चालतात.

कामाची वाटणी मात्र आरंभीच ठरली पाहिजे. लेख निवडणे, योग्य परीक्षक शोधणे, नापसंतीही सौजन्याने कळविणे, हे संपादकाचे काम. त्यात ग्रंथालयाने किंवा कुलगुरूंनी हात घालू नये. संगणकाची व्यवस्था, पत्रिकेचा आठ अंकी आयएसएसएन क्रमांक, प्रत्येक लेखाचा कायम डीओआय क्रमांक, सूचीकरण, आणि निरनिराळ्या ठिकाणी जतन केलेल्या प्रती, हे ग्रंथपालाचे काम. लेखाचा स्वामित्वहक्क लेखकाकडेच असावा. इतरांना तो कोणत्या अटींवर वापरता येईल, हे क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने स्पष्ट करावे. मराठी पत्रिकेने एक दक्षता अधिक घ्यावी. मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या संगणकीय टंकांतील मराठी डोळ्यांना दिसते, पण शोध घेणाऱ्या यंत्राला उमगत नाही; आणि जे शोधता येत नाही, ते असून नसल्यासारखे.

वाचन विनामूल्य असले, तरी निर्मिती विनामूल्य होत नाही. मुद्रितशोधकाला वेतन लागते आणि संगणकाला देखभाल. हा खर्च विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात दरवर्षी स्वतंत्रपणे दाखविलेला असावा. एका उत्साही प्राध्यापकाच्या खिशावर व रात्रीच्या झोपेवर तो टाकू नये. तो प्राध्यापक निवृत्त होताच पत्रिकाही निवृत्त होते. चार अंकांचे वचन देऊन दोन काढण्यापेक्षा दोनच कबूल करून ते वेळेवर काढणे बरे.

‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक १८६७ साली निघाले. ते बंद पडून कितीतरी वर्षे लोटली. तरी त्याचे अंक आज वाचावयास मिळतात, कारण कोण्या ग्रंथपालाने ते बांधून जपून ठेवले. संपादक पत्रिकेला जन्म देतो, पण तिला आयुष्य देणारा ग्रंथपालच. म्हणून नवी पत्रिका काढू पाहणाऱ्यांनी पहिल्या अंकाच्या समारंभाआधी ग्रंथपालांची भेट घ्यावी, आणि जे ठरेल ते लेखी करून ठेवावे.