आरोप तपासायचा कसा?



अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी 1892 साली पीपल्स पार्टी काढली. कापसाचे पडलेले भाव, सावकारी आणि रेल्वेची लूट याविरुद्धची ती चळवळ होती. 1955 मध्ये इतिहासकार रिचर्ड हॉफस्टॅडर यांनी तिच्यावर ज्यूद्वेषाचा ठपका ठेवला. 1963 मध्ये वॉल्टर न्यूजंट यांनी कॅन्सस राज्यापुरता तपास करून तो तिथे टिकत नाही, असे दाखवले.

काळ्या माणसांबाबतचा आरोप मात्र झटकता येत नाही. या पक्षामागे उभ्या असलेल्या दक्षिणेतल्या फार्मर्स अलायन्समध्ये काळ्या शेतकऱ्यांना प्रवेश नव्हता. त्यांनी 1886 मध्ये टेक्सासात वेगळी संघटना काढली. 1891 मध्ये तिने कापूसवेचणीला शंभर पौंडांमागे 1 डॉलर मागितला, तेव्हा गोऱ्या अलायन्सचे अध्यक्ष पोल्क यांनी सल्ला दिला, कापूस शेतात राहिला तरी चालेल, जास्त मजुरी देऊ नका. आर्कान्सा राज्यात तो संप रक्तात बुडवला गेला.

जॉर्जियाचे टॉम वॉटसन 1892 मध्ये काळ्यागोऱ्या शेतकऱ्यांच्या एकीबद्दल बोलत. पुढे तेच काळ्यांचा मताधिकार काढून घेण्याच्या बाजूने गेले.

आरोप करणाऱ्याचा हेतू वाईट असला म्हणून आरोप खोटा ठरत नाही. आम्ही तीन गोष्टी पाहतो : सभासद कोण, ठराव काय आणि मजुरीचा प्रश्न आला की चळवळ कोणाच्या बाजूला.

आता सांगा, आपल्या गावात वेचणीचा दर ठरतो, त्या बैठकीत वेचणारी बाई असते का?