रसिकांचा कौल

संगीत नाटकांच्या वैभवकाळी मराठी प्रेक्षकाला आपले मत कळविण्यासाठी पत्र लिहावे लागत नसे. पद रंगले की ‘वन्स मोअर’ची आरोळी उठे, न रंगले तर रिकाम्या खुर्च्याच दुसऱ्या दिवशी बोलत. कंपनीचा मालक विंगेत उभा राहून हा कौल ऐके. आज त्या प्रेक्षकाची पणतवंडे सुपरहिरोंच्या चित्रकथा वाचतात आणि व्हिडिओ गेम खेळतात. मते त्यांचीही तितकीच ठाम आहेत. परंतु मालक मात्र विंगेत नाही. तो दूरच्या शहरात आहे, आणि रसिकाची टाळी ऐकण्याऐवजी त्याचा खिसा मोजण्याची नवनवीन साधने त्याच्या हाती आली आहेत.

या व्यवहाराचे एक मोठे केंद्र आपल्या देशात बंगळूर हे आहे. १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघाले आणि पुढे त्यातला वेताळ मराठीही बोलू लागला. पण नायक परकाच राहिला. २००४ साली शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि बंगळूरचे चित्रकार जीवन कांग यांनी स्पायडरमॅनला भारतीय जन्म दिला. पवित्र प्रभाकर हा मुंबईतला मुलगा. घरी भीमकाका आणि मायाकाकी, अंगी एका योग्याने दिलेली शक्ती आणि पोशाखाला धोतर. चाहत्यांत दोन तट पडणे स्वाभाविक होते. आपल्या मातीचा नायक मिळाला म्हणून काहींना आनंद झाला. जुन्याच कथेला धोतर नेसवले म्हणून काहींनी नाक मुरडले. चार अंकांत ती मालिका संपली. परंतु २०२३ साली हाच पवित्र एका मोठ्या चित्रपटात परतला, आणि तो चित्रपट भारतात मराठीसह अनेक भाषांत दाखविला गेला. बाजाराने मिटवलेले खाते रसिकांच्या आठवणीत उघडेच राहिले होते.

रसिकाचे प्रेम असे दीर्घजीवी असते. व्यापाऱ्याला मोह पडतो तो याच दीर्घजीवित्वाचा. १९८८ साली अमेरिकेत ‘बॅटमन’च्या प्रकाशकांनी एक विलक्षण प्रयोग केला. बॅटमनचा तरुण साथीदार रॉबिन जगावा की मरावा, हे वाचकांनी दूरध्वनीवरून ठरवावे, असे जाहीर झाले. प्रत्येक मताला पन्नास सेंट आकार होता. ५,३४३ मते मृत्यूच्या बाजूने पडली आणि ५,२७१ जीविताच्या. अवघ्या ७२ मतांनी रॉबिन मेला. लोकमताचा हा विजय म्हणावा, तर मत देण्याचेही पैसे घेतले गेले होते. आणि पुढे २००५ साली तोच रॉबिन पुन्हा जिवंत करून विकला गेला.

त्यानंतरच्या काळात कथेपेक्षा वेष्टनाला मोल आले. १९९१ साली ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच निरनिराळ्या मुखपृष्ठांनी निघाला आणि त्याच्या ऐंशी लाखांवर प्रती विक्रेत्यांनी उचलल्या. लोक एकच गोष्ट पुनःपुन्हा विकत घेत होते. वाचण्यासाठी नव्हे, पुढे भाव येईल म्हणून. भाव आला नाही. दुकाने बंद पडली, आणि १९९६ च्या अखेरीस खुद्द मार्व्हल कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. रसिकाचा सटोडिया केला की अखेर रसिकही जातो आणि सटोडियाही, हा त्या प्रकरणाचा धडा.

व्हिडिओ गेमच्या व्यापाऱ्यांनी हा धडा फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. त्यांच्या ‘लूट बॉक्स’ला मराठीत सोरटच म्हणावे लागेल. आधी पैसे मोजायचे, मग पेटी उघडायची. आत हवे ते शस्त्र निघेल किंवा कवडीमोल वस्तू. २०१७ साली ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळात नावाजलेला नायक हाती यायला सुमारे चाळीस तास खेळावे लागेल, असा हिशेब खेळाडूंनी मांडला. वाट चुकवायची तर पेट्यांवर पैसे खर्चणे ओघानेच आले. एवढा गहजब झाला, की प्रकाशनाच्या आदल्या दिवशी कंपनीने खेळातली विक्रीच थांबविली. पुढच्या वर्षी बेल्जियमने अशा पेट्यांना जुगार ठरविले. ही ‘वन्स मोअर’ची उलटी आरोळी होती, आणि ती ऐकली गेली.

आपल्याकडेही हा प्रश्न पुस्तकी नाही. २०२० च्या सप्टेंबरात सरकारने ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली, तेव्हा मुलांनी पैसे देऊन जमविलेले वेष आणि शस्त्रे एका आज्ञेसरशी हातची गेली. २०२१ साली क्राफ्टन कंपनीने, जिची भारतीय शाखा बंगळुरात आहे, नव्या नावाने खेळ आणला आणि जुना ठेवा नव्या खात्यात नेण्याची सोय दिली. ठेवा परत मिळाला खरा. पण तो कधीच खेळाडूच्या मालकीचा नव्हता, हेही उघड झाले. रद्दीच्या दुकानातून घेतलेला वेताळाचा अंक कपाटात राहतो. खेळातले चिलखत कंपनीच्या मर्जीवर राहते.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा केला, आणि बंगळूरमधील कित्येक कंपन्यांचे व्यवहार एका आठवड्यात बदलले. ज्या पेटीतून रोकड नव्हे, केवळ रंगीत चिलखत निघते, तिचा प्रश्न मात्र याहून नाजूक आहे. रोकड नसली तरी आशा तीच, आणि ती लावणारा पुष्कळदा शाळकरी मुलगा असतो.

चाहत्यांचे प्रत्येक मत शहाणपणाचे असते, असे नव्हे. नायकाचा पोशाख बदलला म्हणून लेखकाला शिवीगाळ करणे ही रसिकता नव्हे. चित्रकथा काढणाऱ्याने आणि खेळ घडविणाऱ्याने नफा मिळवू नये, असेही कोणी म्हणणार नाही. कलावंतांची चूल त्यावरच पेटते. परंतु चाहत्यांच्या गदारोळातून एक साधी मागणी सतत ऐकू येते: काय विकत घेतो आहोत ते आधी कळावे, आणि घेतलेले आपल्यापाशी राहावे. भाजीबाजारात ही मागणी कोणालाही वावगी वाटत नाही. माल मनोरंजनाचा आहे, एवढ्यावरून ती पोरकट ठरत नाही. उलट, जिथे गिऱ्हाईक प्रेमाने येते, तिथे मापात पाप करणाऱ्याचा दोष अधिकच मोठा असतो.